अंपोफोंच्या अंगणाची तहान

"उद्या या अंगणात चमचाभर जरी पाणी साचलं ना, तर मी तुमची मुलगी न मागताच परत जाईन!"

शेवटच्या ब्लॉकवर धुमस आपटत अमोआकोने हे जाहीर केलं, आणि तेही सगळ्या घरासमोर! असं बोलायची काही गरज होती का? काम झालं होतं, हातपाय धुऊन गुमान घरी जायचं. पण माणूस प्रेमात असला आणि वर स्वतःच्या धंद्यावरही त्याचं तितकंच प्रेम असलं, की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

कुमासी शहरातल्या आतोन्सू भागातलं हे अंपोफोंचं घर. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये अंगण, आणि अंगण रस्त्यापेक्षा खाली. पाऊस आला की गल्लीतलं सगळं पाणी आत यायचं आणि मुक्कामच ठोकायचं. इकडची पातेली तिकडच्या खोलीत तरंगत जायची. एकदा घराचे वडील नाना अंपोफो यांची चप्पल शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली होती, आणि तीसुद्धा एकच.

अमोआकोने काय केलं, तर अंगणातला जुना सिमेंटचा कोबा फोडून काढला, खाली कमरेइतकं खणलं, मोठे दगड भरले, त्यावर बारीक खडी पसरली आणि वर आपले ब्लॉक बसवले. हा ब्लॉक म्हणजे त्याची जिवाभावाची गोष्ट! वाळू नाहीच, नुसती खडी आणि सिमेंट. दिसायला शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा, आरपार भोकंच भोकं. वरून बादली ओता, बादली खाली ठेवायच्या आत अंगण कोरडं!

"भोकं विकतो मेला!" पोकुआ मावशी म्हणाली. अमोआकोला जी मुलगी मागायची होती ती सेर्वा, आणि ही तिची थोरली मावशी, म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. "लोक भोकं बुजवायला गवंडी बोलावतात, हा भोकं पाडून देतो! अशाला आमची सेर्वा द्यायची?"

मावशीने सेर्वासाठी दुसराच मुलगा हेरून ठेवला होता. कोकोच्या कचेरीत हिशेबनीस, स्वतःची मोटार, आणि मोटारीत मावशीला पुढे बसवणारा! त्याची माणसं पुढच्या शनिवारी यायची होती. पण नाना म्हणाले, "या पोराने आपल्या अंगणात घाम गाळलाय. त्याला आधी दार ठोठावू दे. नाही म्हणायचं असेल तर मग म्हणू."

तेव्हा अमोआकोच्या हातात हा एकच शनिवार होता.

आता दार ठोठावणं म्हणजे काय, तर मुलाची माणसं श्नॅप्स नावाच्या कडक दारूच्या हिरव्या चौकोनी बाटल्या घेऊन येतात. घरातला वडीलधारा त्यातली थोडी पितरांच्या नावाने जमिनीवर ओततो. मग मुलीला बाहेर बोलावून विचारतात, "बाई, या लोकांची बाटली घ्यायची का?" ती घ्या म्हणाली की जमलं. बाटली नाही तर प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही तर मुलगी नाही! आणि या सगळ्यात नवऱ्या मुलाने काय करायचं? गप्प बसायचं. जे काय बोलायचं ते त्याच्या मामाने.

"तुझं तोंड आज माझ्या खिशात," बाडूमामाने वाटेतच बजावलं. "एक शब्द जरी बोललास तर लोक म्हणतील, पोराला मामा नाही."

"नाही बोलणार. पण मामा, शेवटी ती पिंपं ओतायची हं! मी भिंतीपाशी पाण्याची पिंपं भरून ठेवलीयेत. पाणी कसं गडप होतं ते मावशीला दाखवायचंय."

"पिंपांचं मी बघतो. तू फक्त हसत बस. दात दिसू देऊ नकोस."

बाडूमामा बोलायला उभा राहिला म्हणजे ऐकत राहावं! खांद्यावरून रंगीत वस्त्र घेतलेलं, पोट पुढे, आवाज चर्चच्या घंटेसारखा. "आम्ही वाटेने चाललो होतो," तो म्हणाला, "तर तुमच्या कुंपणाआड एक फूल दिसलं. आमच्या पोराचा पायच पुढे पडेना. म्हटलं, आधी विचारावं, हे फूल कुणी तोडलंय का?"

"विचारण्याआधी काय आणलंय ते दाखवा," पोकुआ मावशी म्हणाली.

मामाने दोन बाटल्या पुढे केल्या. एक पितरांसाठी आणि एक मुलीला विचारण्यासाठी. नाना अंपोफो उठले. त्यांनी चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र कमरेपर्यंत उतरवलं, पेला भरला. आधी देवाचं नाव घेतलं, मग भूमातेचं, आणि मग पितरांना हाक मारत मोठ्या आवाजात म्हणाले, "ओपोंगमामा, ये! हे घे, पी!"

आणि ओतलं.

नेहमी काय व्हायचं, तर दारू नानांच्या पायाशी छोटंसं तळं करून बसायची. सगळे त्या तळ्याकडे आदराने बघायचे, एखादी माशी यायची, आणि कार्यक्रम पुढे सरकायचा. आज नानांनी ओतलं आणि दारू दिसलीच नाही! थेंब नाही, ओघळ नाही. जणू खाली कुणीतरी आ वासून बसलं होतं.

अमोआकोच्या अंगावर आनंदाने काटा आला. काय पितंय! काय पितंय माझं अंगण! पाणी काय, दारूसुद्धा सोडत नाही! त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याने दात न दाखवता हसून घेतलं.

नाना मात्र वाकून जमिनीकडे बघत राहिले. "इतकी तहान?" ते पुटपुटले. त्यांनी पुन्हा पेला भरला. "ओपोंगमामा, सावकाश घे."

गडप!

बाकांवरची मंडळी उठून पुढे आली. नानांनी पेला बाजूला ठेवला आणि बाटलीच तिरपी केली. बाटली रिकामी झाली, अंगण कोरडंच!

"आयुष्यभर ओततोय," नाना म्हणाले, "पण माझ्या हातून असं कधी कुणी प्यायलं नव्हतं."

"रागावलेत ते!" पोकुआ मावशीने संधी साधली. "बघा, मागमूस ठेवला नाही! म्हणजे हे स्थळ त्यांना नकोय!"

"ज्याला नको असतं तो थुंकून टाकतो, पोकुआ. घटाघटा पिणारा कधी नको म्हणत असतो का?" नाना म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "दुसरी द्या."

दुसरी! अमोआको बसल्या जागी ताठ झाला. दुसरी म्हणजे प्रश्नाची बाटली! तीच जमिनीत गेली तर सेर्वाला विचारायचं काय, रिकामा खोका घ्यायचा का म्हणून? त्याने मामाच्या वस्त्राचं टोक ओढलं. पण नानांनी हात पुढे केल्यावर नाही कोण म्हणणार? दुसरी बाटली सेर्वाच्या दिवंगत आच्चिआआजीच्या नावाने गेली आणि तिचाही थेंब दिसला नाही.

"मामा!" अमोआको ओठ न हलवता कुजबुजला. "ती फरशी पिते! फरशीला भोकं आहेत! खाली खडी आहे! सांग ना त्यांना!"

आता हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बाडूमामाला साधं वाक्य बोलण्यात कमीपणा वाटायचा! त्याने घसा साफ केला. "माझा भाचा म्हणतो," तो गरजला, "की त्याने नुसती फरशी बसवली नाही. तुमच्या आणि तुमच्या पितरांच्या मध्ये जो सिमेंटचा दगड पडला होता, तो त्याने फोडून काढला! आजपासून तुमच्या हातचं थेट त्यांच्या ओठांत!"

अमोआकोने डोळे मिटून घेतले.

नाना हळूहळू बाकावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण त्या कोब्यावर ओतत होतो. कोब्यावरून ते कुठे जायचं?"

सगळ्यांनी मान वळवून एकाच दिशेला बघितलं. गटाराकडे.

"अरे देवा!" कुणीतरी ओरडलं. "माझ्या पोराच्या बारशाचं?"

"गटारात!"

"आच्चिआआजीच्या वर्षश्राद्धाचं?"

"तेही गटारात!"

"आणि मी परदेशी निघालो तेव्हाचं? तरीच मला व्हिसा मिळाला नाही!"

एकच हलकल्लोळ उडाला. कोब्याच्या त्या सगळ्या वर्षांत घरात जे जे शुभकार्य झालं होतं, ते सगळं पितरांच्या तोंडाला न लागता गल्लीतल्या बेडकांनी पिऊन टाकलं होतं! एक म्हातारी काकू तर खरोखरच रडायला लागली. नाना उठून उभे राहिले.

"जे चुकलं ते आज फेडायचं," ते म्हणाले. "एकूण एक. नाव घेऊन!"

"पण बाटल्या?" बाडूमामाच्या तोंडून निघून गेलं.

"दार कोण ठोठावायला आलंय?" नानांनी विचारलं.

मामा खाली बसला. अमोआकोला घाम फुटला होता. सकाळची वेळ, बाजार लांब, आणि जवळपास दारूचं दुकान एकच, गल्लीच्या तोंडाशी. ते कुणाचं? पोकुआ मावशीचं! संपलं, अमोआकोने मनात म्हटलं. ही बाई आज कुलूप उघडेल तर शपथ! उलट किल्ली गिळून टाकेल.

पण मावशी उभी होती ती वेगळ्याच चेहऱ्याने. ती एकदा त्या कोरड्या ठक्क अंगणाकडे बघत होती, एकदा बाडूमामाच्या फुगलेल्या बटव्याकडे. मग तिने कमरेचं वस्त्र करकचून बांधलं.

"थांबा, दुकान उघडते!" ती म्हणाली. "आच्चिआ माझी सख्खी आई! एका बाटलीत तिचं काय होणार? ती जिवंतपणी तरी कधी एका बाटलीवर उठली होती का?"

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! मावशी खोके वाहते आहे, नाना नावं घेताहेत, मंडळी जयघोष करताहेत, आणि अंगण पितंय! ओपोंगमामाला ताडी आवडायची म्हणून ताडीचा डबा आला. आच्चिआआजीला काळी बिअर लागायची, तिच्या बाटल्या आल्या. ग्यासीकाका तर चर्चमधले, जन्मात दारूला शिवले नव्हते. त्यांच्यासाठी आल्याचं सरबत आलं! तेही मावशीच्याच दुकानातून, आणि तेही गडप!

"आणखी द्या, आणखी! ग्यासीकाकांचं पोट भरलं नाही!" मावशी ओरडत होती.

"तुम्हाला कसं कळलं?" बाडूमामाने केविलवाण्या आवाजात विचारलं.

"आमचे पितर आम्हाला कळत नाहीत? बिअरचे खोके किती आणू तेवढं बोला!"

भिंतीपलीकडून शेजारी डोकावायला लागले. काही तर आत येऊन बसले. एकाने खाली वाकून ब्लॉकला कान लावला आणि शपथेवर सांगितलं, की खालून ढेकर ऐकू आला. अमोआको आपल्या जागेवर नुसता धुमसत होता. त्याला ओरडून सांगायचं होतं की अहो, तो ढेकर नाही, खडीतून हवा वर येते आहे! त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम सगळ्या गल्लीसमोर, डोळ्यांदेखत, थेंब न सांडता चाललं होतं, आणि तेच काम त्याचं लग्न घोट घोट करून पीत होतं!

अखेर मामाने बटवा उलटा करून दाखवला. आतून फक्त लवंगेची काडी पडली.

"झालं रे," तो भाच्याच्या कानात म्हणाला. "मावशीकडे आता एकच श्नॅप्स उरलीये, ती मी माझं घड्याळ ठेवून घेतली. हीच प्रश्नाची बाटली. ही गेली की आपण घरी."

"मग विचार ना लवकर! नाना, मुलीला बोलवा, असं म्हण!"

मामा उठला. पण त्याने तोंड उघडायच्या आतच नानांनी त्याच्या हातातली बाटली घेतली, भारावलेल्या डोळ्यांनी वर धरली आणि म्हणाले, "आणि शेवटी ती, जिच्यापासून हे घराणं सुरू झालं. आमच्या सगळ्यांची मूळ आजी! तिला कसं विसरू?"

"नका विसरू!" मंडळी ओरडली.

अमोआकोला कळून चुकलं, की आता बोललो तर निर्लज्ज ठरतो आणि नाही बोललो तर ब्रह्मचारी. त्याने तोंड उघडलं. आवाज निघेना! सकाळपासून दाबून धरलेला घसा ऐन वेळी बसला होता. नानांच्या हातातली बाटली कलली. बाटलीच्या तोंडाशी पहिला थेंब चमकला.

धाडकन खोलीचं दार उघडलं.

सेर्वा! शिवणकामाच्या दुकानात शिकाऊ मुलींना एका नजरेत गप्प करणारी सेर्वा, गळ्यात मणी, कपाळाला पावडर, आणि डोळ्यांत जाळ! बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं, हे तिला आतल्या बायकांनी शंभरदा सांगितलं असेल. ती तरातरा अंगण ओलांडून आली आणि नानांच्या हातातून बाटली तिने हिसकावूनच घेतली!

"सेर्वा!" मावशी किंचाळली.

"नाना, मला माफ करा," सेर्वा म्हणाली, "पण मेलेल्या सगळ्यांना विचारून झालं. जिवंतांपैकी मला कुणी विचारणार आहे का? सकाळपासून आत बसलेय! घामाने पावडरचा चिखल झालाय!"

"ती बाटली मूळ आजीची आहे, पोरी," नाना म्हणाले.

"मूळ आजीचंही एकदा लग्न झालंच असेल ना? मग तिला कळेल!"

नाना तिच्याकडे बघत राहिले. ती बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. "ही बाटली कुणी आणलीय, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे."

"परत देणार?"

"नाही!"

"विचार करून सांग. परत देणार?"

"नाही म्हटलं ना, नाना! हात तोडलात तरी नाही!"

नाना मंडळींकडे वळले. "ऐकलंत? मुलीने बाटली घेतली."

क्षणभर कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग म्हाताऱ्या काकूने डोळे पुसून अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली! बायका नाचायला लागल्या, बाडूमामाने वस्त्र सोडून पुन्हा गुंडाळलं, आणि अमोआको आपल्या स्वतःच्या ब्लॉकवर मटकन बसला. जमलं! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, खाली पडलं आणि अर्थातच गडप झालं.

आता बोलायची मुभा होती. गलका थोडा ओसरला तसा तो नानांच्या पायाशी जाऊन बसला. त्याच्या पोटात काही राहणारं नव्हतं.

"नाना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रागावू नका, पण ते पितरांनी नाही प्यायलं. ब्लॉकला भोकं आहेत. त्यातून सगळं खाली जातं."

"खाली काय आहे?"

"खडी."

"खडीच्या खाली?"

"मोठे दगड."

"आणि दगडांच्या खाली?"

"माती, नाना."

"आणि मातीत कोण आहे?"

अमोआकोने खाली ब्लॉकच्या भोकांकडे बघितलं.

"मग मी काय चुकीचं बोललो?" नाना म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

अमोआकोला एवढ्यावर गप्प बसवेना. निदान एकाने तरी पाण्याबद्दल विचारावं! त्याने भिंतीपाशी जाऊन पिंपांची झाकणं उघडली. पिंपं रिकामी. आतल्या बायकांनी त्या पाण्याने मघाशीच लग्नघराची भांडी घासून टाकली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बघतो तर पोकुआ मावशी! हातात ताटली, ताटलीत तळलेला मासा, आणि चेहऱ्यावर असं हसू की अमोआको दोन पावलं मागे सरकला.

"जावईबापू, खा," ती म्हणाली. "आणि सोमवारी सामान घेऊन या. माझ्या दुकानासमोरची सगळी जागा याच फरशीने भरून टाका."

अमोआकोचं मन भरून आलं. अखेर! अखेर या बाईला कळलं! "मावशी, तुम्ही बघाच!" तो म्हणाला. "पावसाळ्यात दुकानात एक थेंब पाणी शिरणार नाही!"

"पाणी?" मावशीने विचारलं. "पाण्याचं काय घेऊन बसलात! अहो, जिवंत गिऱ्हाईक दोन बाटल्यांत आडवं होतं आणि घरी जातं. तुमच्या फरशीखालचं गिऱ्हाईक कधी उठून जाणार आहे का?"